मागे ओढलेला हात

आबांच्या हाताला मूठ वळायची सवय नव्हती. पंजा कायम अर्धा उघडा, बोटं किंचित वाकलेली. समोर कुणाचं तरी मनगट आहे आणि पुढच्या क्षणी ते पकडायचं आहे, असा. तरुणपणाची पाच-सहा वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या तालमीत काढली होती, खासबागेच्या मैदानात चार कुस्त्या केल्या होत्या. पुढे शेती आणि संसार यांत अंगावरची माती धुऊन गेली, पण हात तसाच राहिला. चहाचा कप ते कानाने धरत नसत, सबंध पंजात घेत.

१९९१ साली आमच्या शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास सुरू झाला. मी तेरा वर्षांचा होतो. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात, शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात शिकलो तो सरळ ठोसा. उजवी मूठ कमरेपासून निघते, शेवटच्या वितीत फिरते आणि तळवा जमिनीकडे होऊन थांबते. त्याच वेळी पुढे असलेला डावा हात तितक्याच जोरात मागे येतो आणि मूठ वळून कमरेशी बसतो. जपानीत या मागे येण्याला ‘हिकिते’ म्हणतात, म्हणजे ओढणारा हात. शनिवारी सकाळी अंगणात मी हे आबांना करून दाखवलं. दहा वेळा, ओरडून.

त्यांनी नीट बघितलं. मग म्हणाले, “फुडचा हात कळला. मागचा कशाला वडलास?”

“सर म्हणतात, त्यानं जोर येतो.”

“मोकळा हात मागं वडून काय घावतंय रं?”

मला उत्तर आलं नाही. सरांना विचारलं, तर त्यांनीही जोराचंच सांगितलं. पण आबांनी विचारलं होतं ते जोराबद्दल नव्हतंच. ज्या माणसाच्या विद्येत हात रिकामा परत येणं म्हणजे डाव फसणं, त्याने तो प्रश्न विचारला होता. तो प्रश्न घेऊन मी पुढची कितीतरी वर्षं वेगवेगळ्या लोकांचे हात बघत राहिलो. मारणाऱ्या हाताकडे सगळेच बघतात. मला आता असं ठाम वाटतं की एखाद्या विद्येतला आघात समजून घ्यायचा, तर जो हात मारत नाही त्याच्याकडे बघावं.

आधी मारणाऱ्या हाताचं सांगतो, कारण त्याच्याशी माझं हाडाचं नातं आहे.

कराटेत मूठ वळायलाही शिकावं लागतं. करंगळीपासून एकेक बोट मिटत यायचं, पेरं तळहातात घट्ट रुतवायची आणि अंगठा बाहेरून तर्जनी-मधल्या बोटांवर आडवा दाबायचा. अंगठा आत राहिला तर पहिल्याच ठोशाला तो दुखावतो. मारायचं फक्त तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी. यामागे शरीराची रचना आहे आणि ती कुणालाही आत्ता बसल्याजागी तपासता येईल. एका हाताची सैल मूठ करा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत करंगळीचा उंचवटा धरून वर-खाली हलवा. तो हलतो. आता तर्जनीचा हलवून बघा. तो जागचा हलत नाही. हाताच्या पंजात मनगटासकट २७ हाडं असतात; त्यांतली तर्जनी आणि मधल्या बोटामागची लांब हाडं मनगटाला जवळजवळ पक्की बसवलेली आहेत, तर अनामिका आणि करंगळीमागची सैल, कारण वस्तूभोवती पंजा वळायला ती सैल लागतात. म्हणजे एकाच पंजात दोन हात आहेत. अंगठ्याकडचा ठोकण्यासाठी बरा, करंगळीकडचा धरण्यासाठी.

वडिलांनी मला माकिवारा करून दिला होता. ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या ज्या बेटांवर कराटे घडलं तिथे, हा कराटेचा सगळ्यात घरगुती सोबती. जमिनीत रोवलेली एक फळी, खाली जाड आणि वर निमुळती, वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. आमच्या सुताराने सागवानी फळी तासून दिली, पेंढ्याऐवजी मी सुतळी गुंडाळली. छातीच्या उंचीवर टोक यायचं. तिच्यावर मारलं की फळी मागे वाकते, आणि जितकी वाकते तितकी जास्त उलट ढकलते. सिमेंटच्या भिंतीकडून मिळत नाही ते फळीकडून मिळतं: ठोसा लागल्यानंतरही मनगट सरळ राहतं का, खांदा वर उचलला जातो का, मागची टाच निसटते का, हे ती लगेच सांगते. ओकिनावातले थोर शिक्षक इतोसु आन्को यांनी १९०८ साली लिहिलेल्या दहा कलमी पत्रातही माकिवारावर शंभर-दोनशे वेळा मारण्याचा उपदेश आहे. मी पन्नासाला दमत होतो. पावसाळ्यात सुतळी फुगायची, तिला कुबट वास यायचा, आणि उंचवट्यांवरची साल निघाली की त्यावर हळद दाबून शाळेत जायचो.

एवढं करूनही माझं हाड मोडलं ते करंगळीचंच. सव्विसाव्या वर्षी, सरावाच्या लढतीत, पातळ ग्लोव्ह्ज घालून. समोरच्याने डोकं खाली घातलं आणि हनुवटीसाठी निघालेली माझी मूठ तिरपी होऊन त्याच्या कपाळावर लागली. आवाज फार नव्हता. ओली काडी मोडावी तसा. तिथल्या प्रशिक्षकांनी पट्टी बांधून सराव पुढे चालू ठेवायला लावला, त्याचा मला आजही राग आहे. शिकवणाऱ्याला सुजेचा अर्थ कळलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण मुरलेल्या बॉक्सरांत हे कमी दिसतं. रागाच्या भरात भिंतीवर, दारावर मूठ आपटणारेच याचे पेशंट जास्त. चार आठवडे प्लास्टर होतं. हाड जुळलं, पण बसकं जुळलं. लहानपणी आपण मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायचो, उंचवटा आला की एकतीस दिवस, खाच आली की कमी. करंगळीचा उंचवटा जुलैचा. माझ्या उजव्या हातावर जुलै आता दिसत नाही, बोटाने चाचपला तरच लागतो.

प्लास्टरमधल्या त्या महिन्यात एक गोष्ट लख्ख कळली. माणसाचं कपाळ माणसाच्या मुठीपेक्षा मजबूत आहे. ज्या ज्या समाजात हाताने मारण्याची विद्या घडली, त्यांना कधी ना कधी हे हाड मोडूनच कळलं असणार, आणि मग प्रत्येकाने आपापली तोड काढली.

इंग्लंडात मुष्टियुद्ध उघड्या हातांनी होत होतं तेव्हा त्यात नुसते ठोसे नव्हते. जॅक ब्रॉटनने १७४३ साली घातलेल्या नियमांत आणि पुढे १८३८ च्या लंडन प्राइझ रिंग नियमांतही कमरेच्या वर धरायला, आपटायला मुभा होती. कुणी पडला की फेरी संपायची. त्यामुळे एक हात मारायला आणि दुसरा धरायला, असा व्यवहार चाले. समोरच्याची मान काखेत दाबून दुसऱ्या हाताने मारत राहणं ही तिथली रीतसर युक्ती होती. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी चित्र पालटलं. तीन मिनिटांची फेरी, मिनिटभर विश्रांती, हातात ग्लोव्ह्ज, आणि धरपकड बंद. जुन्या नियमांखालची शेवटची मोठी जागतिक लढत १८८९ साली अमेरिकेत मिसिसिपीत झाली, जॉन एल. सुलिव्हनने जेक किलरेनला ७५ फेऱ्यांनंतर हरवलं. तीनच वर्षांनी न्यू ऑर्लिन्समध्ये ग्लोव्ह्ज घालून तोच सुलिव्हन जेम्स कॉर्बेटकडून एकविसाव्या फेरीत हरला. त्या दोन लढतींच्या मधे एक अख्खी विद्या संपली, असं मला वाटतं.

ग्लोव्ह डोक्याच्या रक्षणासाठी असतो असं पुष्कळांना वाटतं. तो मुख्यतः हाताचं रक्षण करतो. हात वाचला म्हणून डोक्यावर मोकळेपणी मारता येऊ लागलं, आणि मेंदूला बसणारे हादरे वाढले. हे मला अस्वस्थ करतं, आणि बॉक्सिंगवर माझं प्रेम असूनही करतं.

त्या प्रेमाची सुरुवात पुण्यात झाली. नोकरीसाठी तिथे होतो, हाड जुळून चार वर्षं झाली होती, आणि एका छोट्या जिममध्ये पहाटे बॉक्सिंग शिकवायचे. पहिले दोन दिवस प्रशिक्षकांनी मला ठोसा मारूच दिला नाही, फक्त पट्ट्या बांधायला शिकवलं. साडेचार मीटर लांब सुती पट्टी. टोकाच्या फासात अंगठा घालायचा, मनगटाला तीन वेढे, उंचवट्यांवरून तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेकदा खाली, आणि परत मनगट. घट्ट हवी, पण मूठ उघडली की बोटं पांढरी पडता कामा नयेत. माझ्या करंगळीपाशी ते थांबले, काही न विचारता तिथे एक वेढा जास्त दिला. मोडलेला हात नुसत्या स्पर्शाने ओळखणारा तो माणूस मला तेव्हाच गुरू म्हणून पटला.

आणि तिसऱ्या दिवशी, आरशासमोर, त्यांनी आबांचाच प्रश्न विचारला. उजव्या हाताने सरळ ठोसा मारताना माझा डावा हात इमानदारीत कमरेशी जात होता. “तो हात खाली काय करतोय? हनुवटी कोण सांभाळणार?” इतक्या वर्षांची सवय मोडायला मला चार महिने लागले. बॉक्सरचा न मारणारा हात गालाला चिकटून असतो. मारलेला हातही ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हनुवटीशी परत येतो. जॅबचं, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाचं, अर्धं शिक्षण परतण्याचंच आहे. आणि मला जाणवलं की ग्लोव्हमधल्या हाताला दुसरं काही करता येतच नाही. त्याला बोटं उरलेली नाहीत. धरणं गेलं, म्हणून तो हात राखणदार झाला.

मग कराटेचा हात कमरेशी का? त्याला तर बोटं आहेत.

याचं उत्तर मला मुंबईत मिळालं, एका मित्राच्या गच्चीवर. तो विंग चुन शिकत होता. ही दक्षिण चीनमधली विद्या, इप मान यांनी हाँगकाँगमध्ये शिकवली आणि ब्रूस लीमुळे जगभर गेली. तिथली मूठ उभी असते, अंगठा वर, ग्लास धरल्यासारखी. कोपर खाली आणि छातीच्या मधोमध, ठोसा नाकाच्या रेषेत, एकामागून एक, साखळीसारखे. कंबर फारशी फिरत नाही, खांदा मागे जात नाही. लागायचं ते खालच्या तीन उंचवट्यांनी, म्हणजे कराटेच्या बरोबर उलट. कोपर खाली असेल तर तीच बाजू हाताच्या रेषेत सरळ येते, हे मित्राने भिंतीवरच्या पिशवीवर दाखवलं आणि ते खरं आहे. बॉक्सर जॅक डेम्पसीनेही याच बाजूच्या उंचवट्यांचा पुरस्कार केला होता. तरी छाती-पोटासाठी मी ते मानेन. कपाळाच्या आसपास मात्र माझी करंगळी मला ते मानू देत नाही.

मित्राच्या दुसऱ्या हाताने मला चकित केलं. मी ठोसा मारला. त्याने तो अडवला नाही. त्याचा पंजा माझ्या मनगटावर वरून पडला, आकड्यासारखा वळला आणि स्वतःच्या कमरेच्या दिशेने झटका देऊन मागे गेला. मी पुढे झुकलो. त्याच क्षणी त्याची उभी मूठ माझ्या नाकापाशी होती. मी तिच्याकडे जात होतो आणि ती माझ्याकडे येत होती. “याला लाप साव म्हणतात,” तो म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि त्याचा ओढणारा हात कुठे जाऊन थांबलाय ते बघितलं. कमरेशी. मूठ वळलेली. तिच्यात माझं मनगट होतं.

हिकिते. ओढणारा हात. नावातच सांगितलं होतं.

ओकिनावाच्या विद्येचा दक्षिण चीनशी, विशेषतः फुजियानशी जुना संबंध आहे. पूर्वी ‘कराटे’ लिहिताना ‘कारा’ म्हणजे चीन असं चिन्ह वापरत, म्हणजे ‘चिनी हात’. पुढे तोच उच्चार असलेलं ‘रिकामा’ या अर्थाचं चिन्ह आलं आणि १९३६ साली नाहामध्ये जमलेल्या ओकिनावाच्या शिक्षकांनी ते स्वीकारलं. इतोसुंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या शाळेतल्या मुलांसाठी आखली. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ साली टोकियोला गेले आणि ती विद्यापीठांत पोहोचली. रांगेत उभं राहून, शिट्टीवर, हवेत ठोसे मारायची पद्धत अशा सामूहिक शिक्षणातच रुजली. जोडीदार समोरून गेला, त्याचं मनगट गेलं, आणि ओढण्याची हालचाल तेवढी उरली. माझ्या सरांपर्यंत ती जोराचं कारण होऊन आली. सरांना मी दोष देत नाही. त्यांनी मिळालं ते प्रामाणिकपणे दिलं. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या कमरेशी आलेला हात पाहून त्यात काहीतरी असायला हवं होतं, हे तालमीतल्या माणसाला एका नजरेत दिसलं, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे सांगायला मी गावी गेलो तेव्हा आबा नव्हते.

एकदा हे दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. थाई बॉक्सर समोरच्याच्या मानेमागे पंजा अडकवून त्याला खाली ओढतो आणि गुडघा किंवा कोपर चढवतो. कोपरात बारीक हाडांचा जुडगा नसल्याने मोडायची धास्ती कमी. तिकडेही विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत हाताला दोर गुंडाळून लढत, नंतर ग्लोव्ह्ज आले, पण मान धरणं त्यांनी सोडलं नाही. आपल्या कुस्तीतली खडाखडी बघा, तीच मान, तोच पंजा. जपानच्या सुमोत तर मूठ वळून मारायलाच बंदी आहे. तिथे उघड्या तळहाताचे धक्के देतात, आणि तो तळहात पुढच्या क्षणी कमरपट्टा पकडायला मोकळा असतो. तळहाताचा खालचा, मनगटालगतचा भाग आघातासाठी मुठीपेक्षा शहाणा आहे, कारण तिथून जोर थेट हाताच्या लांब हाडांत जातो. माझं हाड मोडलं त्या दिवशी मी मुठीऐवजी तो वापरला असता तर जुलै जागेवर राहिला असता.

आणि वज्रमुष्टी. मूळ गुजरातेत मोढेऱ्याचे ज्येष्ठीमल्ल, त्यांची ही विद्या. मैसूरला विजयादशमीच्या दिवशी राजवाड्याच्या आवारात आजही जेट्टी, म्हणजे ज्येष्ठी, मल्लांची जोडी लढते. डोकी तासलेली, मागे केसांचा झुबका. उजव्या मुठीत बोटांवर चढवलेलं दातेरी आयुध, डावा हात मोकळा. कुणाच्या तरी डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत थांबवतात, बहुतेकदा मिनिटभरात. आपल्या मराठी दरबारातही हे होतं. खंडेराव गायकवाडांच्या काळात बडोद्याला आलेल्या लुई रुसले या फ्रेंच प्रवाशाने हाताला शिंगाची नखं बांधून चाललेली कुस्ती पाहून लिहून ठेवली आहे. बडोद्यातलं ते वर्णन क्रूर आहे आणि ते थांबलं हे उत्तमच झालं. पण मैसूरच्या लढतीची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा बघतो ती डाव्या हातासाठी. वज्र उजव्या हातात असतं आणि सगळी कुस्ती डावा हात खेळतो. तो समोरच्याच्या उजव्या मनगटाच्या शोधात असतो, सारखा. तो मिळाला की निम्मी लढत संपली. आबांचा अर्धा उघडा पंजा मला तिथे दिसतो.

कुस्तीत ठोसा नाही. तळहाताचा मोठा आवाज तिथे एकच, शड्डूचा, आणि तो पैलवान स्वतःच्याच मांडीवर मारतो.

आता मी रविवारी सकाळी मुलींना शिकवतो, पाचवी ते आठवीच्या. कोल्हापूरच्या बाजूला पोरी तालमीतही जाऊ लागल्या आहेत, तशी एक सहावीतली माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आली. मूठ नीट वळत नव्हती, अंगठा सारखा आत जायचा. पंजा मात्र मोठा आणि कोरडा. तिसऱ्या रविवारी सगळ्या रांगेत सरळ ठोसा मारत होत्या आणि ती मधेच थांबली.

“सर, हा मागचा हात मोकळाच ओढायचा?”

मी रांग थांबवली. तिच्यासमोर जाऊन उजवा हात पुढे केला आणि म्हटलं, “धर.” तिने अंगठा आणि चार बोटं अशी चिमटी केली नाही, सबंध पंजा मनगटावर वरून टाकला. कधी ओढायचं ते मी सांगणार होतो. त्याआधीच तिने ओढलं. माझा पाय फरशीवरून एक पाऊल पुढे घसरला, आणि तिची दुसरी मूठ, अंगठा बाहेर, माझ्या बरगडीला टेकून थांबलेली होती.